सात घड्याळं आणि एक गादी

घराची किल्ली हातात पडली तेव्हा आमच्या दोघांच्या खात्यांत मिळून तीन हजार एकशे चाळीस रुपये उरले होते. वीस हजार डिपॉझिट, साडेचार हजार पहिल्या महिन्याचं भाडं आणि एजंटची एका महिन्याची दलाली. झाला खेळ खलास! साल २००७, महिना जानेवारी, ठिकाण पुण्यातलं कर्वेनगर. दुसरा मजला, लिफ्ट नाही, वन आरके. म्हणजे एक खोली, एक किचन आणि ज्याला मालक ‘टेरेस’ म्हणत होते ती दोन कुंड्या आणि एक माणूस मावेल एवढी बाल्कनी.

लग्न थाटात झालं होतं. आहेरात सात भिंतीवरची घड्याळं, चार लेमन सेट, एक भलामोठा डिनर सेट आणि असंख्य फोटोफ्रेम्स आल्या होत्या. आता सात घड्याळांना भिंती होत्या चार, आणि त्यातल्या एकीला मालकांनी आधीच खिळा ठोकायची बंदी केलेली. चोवीस माणसांच्या डिनर सेटचं खोकं पालथं घालून आम्ही त्याचं टेबल केलं. पुढचे सहा महिने आमचा चहा, जेवण, इस्त्री आणि माझं ऑफिसचं काम, सगळं त्याच खोक्यावर व्हायचं. आत काचेच्या चोवीस प्लेट्स आणि आम्ही मात्र स्टीलच्या दोन ताटल्यांत जेवतोय.

तुमच्यापैकी अनेक जण सध्या याच टप्प्यावर असतील. लग्न ठरलंय किंवा नुकतंच झालंय, दोघांची नोकरी शहरात, आई-बाबा गावी, आणि ‘स्वतःचं’ म्हणावं असं पहिलं घर भाड्याचं. मासिकांत फोटो असतात पांढऱ्या सोफ्यांचे. त्या फोटोंत ओल्या टॉवेलची दोरी कधी दिसते का बघा.

घर लावणं म्हणजे काय, हे आम्हाला पहिल्या रविवारी कळलं. सकाळी जुन्या बाजारात गेलो. तिथून एक लोखंडी मांडणी आणि एक लाकडी खुर्ची उचलली. खुर्चीचा एक पाय किंचित आखूड निघाला, त्याखाली जुन्या टेलिफोन डिरेक्टरीची पानं दुमडून घातली. दुपारी तुळशीबाग. लग्नाआधी मी तुळशीबागेत कानातली सोडून काही घेतलं नव्हतं, आणि आता चाळणी, सांडशी, किसणी, पोळपाट असली अगम्य यादी घेऊन उभी! दुकानातल्या मावशींनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, “नवा संसार का? मग आधी झारा घे. झारा सगळे विसरतात.” खरंच विसरले होते. मिसळणाचा डबा मात्र आईने रुखवतातच दिला होता, सात वाट्यांचा. त्यातल्या तीन वाट्यांत नेमकं काय भरायचं हे मला पहिले दोन महिने माहीत नव्हतं, म्हणून त्यात सुट्टे पैसे होते.

गॅस ही एक वेगळी कहाणी. कनेक्शनला पत्त्याचा पुरावा हवा आणि आमचा पत्ता जेमतेम आठवड्याचा. तोवर इलेक्ट्रिक शेगडीवर भागवलं. शेगडी आणि पाण्यातला हीटिंग रॉड एकाच वेळी लावला की फ्यूज उडायचा. त्यामुळे रोज सकाळी निर्णय, आंघोळ की चहा? बहुतेक वेळा चहा जिंकायचा.

आणि स्वयंपाक? इथे एक कबुली. मला येत नव्हता. नवऱ्याला येत होता. चार वर्षं मित्रांबरोबर खोली घेऊन राहिलेला, त्यामुळे मुगाची खिचडी, अंडाकरी आणि बटाट्याच्या काचऱ्या यांत तो सॉलिड तयार होता. पोळ्या मात्र दोघांनाही नाही. मी लाटायचे, तो भाजायचा. आफ्रिकेपासून ग्रीनलंडपर्यंत सगळे नकाशे झाले, मग एके दिवशी एक पोळी चक्क फुगली. आम्ही दोघं त्या तव्याकडे बघत उभे राहिलो आणि बघता बघता ती करपली.

समोरच्या दारात एक काकू राहायच्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांनी वाटीभर आमटी आणून दिली. “वाटीची घाई नाही हं,” म्हणाल्या. ही वाटी काय प्रकरण असतं हे हॉस्टेलवर राहून आलेल्या मुलीला कोण सांगणार? मी दुसऱ्या दिवशी स्वच्छ घासून, पुसून, चकचकीत परत केली. काकू हसल्या, काही बोलल्या नाहीत. रात्री आईला फोनवर सांितलं तर ती किंचाळलीच. “रिकामी दिलीस? अगं, चिमूटभर साखर तरी घालायचीस!” मग पुढच्या खेपेला मी त्यात आमची खिचडी घालून दिली. तेव्हापासून ती वाटी आमच्या दोन दारांमध्ये वर्षभर फिरत होती. काकूंकडून येताना अळूचं फदफदं, डाळिंब्यांची उसळ, कैरीचं पन्हं. आमच्याकडून जाताना बहुतेक वेळा खिचडी.

आता मुद्द्याचं. पैसे.

त्याचा हातात येणारा पगार चौदा हजार, माझा नऊ. तेवीस हजारांत दोन माणसं, साडेचार हजार भाडं. कागदावर सगळं मस्त बसत होतं. प्रत्यक्षात पंचवीस तारीख आली की आम्ही वाण्याकडे वहीत मांडायला सांगायचो. मी विचार करायचे, एवढे जातात कुठे? आम्ही पिक्चर महिन्यातून एकदा, तोही सकाळच्या शोला, तिकीट स्वस्त म्हणून. ‘वैशाली’त गेलो तर एका डोशात दोघं. शनिवारी संध्याकाळी झेड पुलावर गाडी लावून बसायचं, त्याला तर पैसेच पडत नाहीत. माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीकडे वॉशिंग मशीन आलं होतं आणि मी दर रविवारी दोघांच्या जीन्स हाताने पिळत होते. मशीनचा हप्ता बाराशे. मी विषय काढला की तो म्हणायचा, “पुढच्या महिन्यात बघू.” पुढचा महिना आला की पुन्हा पुढचा.

मे महिन्यात सासूबाई पहिल्यांदा राहायला आल्या. नाशिकहून, सोबत एक पिशवी द्राक्षांचे बेदाणे आणि एक पिशवी कुरडया. आमच्याकडे गादी एकच, गादीवाल्याकडून भरून घेतलेली. त्यावर आई आणि मी. नवरा किचनमध्ये सतरंजीवर, पाय ओट्याखाली. रात्री पाणी प्यायला उठलं की त्याला ओलांडून जावं लागायचं. पण आईंनी एका शब्दाने घर लहान आहे म्हटलं नाही. उलट बाल्कनीत तुळस लावली आणि मिसळणाच्या डब्यातले सुट्टे पैसे काढून तिथे जिरे, हिंग आणि मेथ्या भरल्या.

जायच्या आदल्या दुपारी आम्ही दोघी कुरडया तळत होतो. आई एकदम म्हणाल्या, “तुला सांगू का गं, तुम्ही दोघं दर महिन्याला साडेतीन हजार पाठवता ना, त्याने फार आधार झाला. हिच्या इंजिनीअरिंगच्या फीचं कसं होणार म्हणून मला झोप लागत नव्हती. दुसरी कोणी सून असती तर बोलली असती.”

माझ्या हातात झारा होता. मी म्हटलं, “त्यात काय एवढं आई.” आणि कुरडई काढली.

मला काहीही माहीत नव्हतं. एक अक्षर नाही.

आई गेल्या त्या रात्री आमचं पहिलं मोठं भांडण झालं. वन आरकेत भांडायला जागा नसते, हे तुम्हाला कोणी सांगत नाही. दार आपटून जायचं तर कुठे? मी बाल्कनीत गेले तर समोरच्या काकू कपडे काढत होत्या. मग मी किचनमध्ये, तो बाहेर, मध्ये पडदा म्हणून लावलेली माझ्या आईची जुनी साडी. मी म्हणत होते, पैसे पाठवण्याबद्दल राग नाहीच. बहीण तुझी आहे तशी माझीही नणंद आहे. पण मी जीन्स पिळतेय आणि तू ‘बघू बघू’ म्हणतोयस, तेव्हा तुला माहीत होतं! तो म्हणत होता, लग्नाला चार महिने झालेत, पहिल्याच महिन्यात काय सांगू, की माझ्या पगारातला चौथा हिस्सा माझा नाहीच? तू काय म्हणाली असतीस? मी काय म्हणाले असते हे मलाही माहीत नव्हतं, आणि मला जास्त राग त्याचाच आला होता.

अकरा वाजले. मग मी तांदळाचा डबा उघडला, आत कोपरापर्यंत हात घातला आणि एक पाकीट काढून त्याच्यासमोर खोक्यावर ठेवलं. आठ हजार रुपये. पाठवणीच्या वेळी माझ्या आईने माझ्या मुठीत दिलेले. “कोणाला सांगू नकोस, वेळेला असू देत.” आम्ही पंचवीस तारखेला वाण्याकडे उधारी करत होतो तेव्हा हे पाकीट तांदळाखाली होतं.

तो पाकिटाकडे बघत राहिला, मग म्हणाला, “म्हणजे आपण दोघंही…” आणि हसायला लागला. मला हसू यायला अजून बराच वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी एक दोनशे पानी वही आणली. पहिल्या पानावर जमा : त्याचा पगार, माझा पगार, तांदळातले आठ हजार. खर्च : भाडं, नाशिक, माझ्या आई-बाबांसाठी महिन्याला पाचशे (हे माझ्या डोक्यात होतं, पण मीही बोलले नव्हते), किराणा, दूध, पेट्रोल, लाईट. खाली प्रत्येकाला तीनशे रुपये, ज्याचा हिशेब कोणी कोणाला विचारायचा नाही. हे तीनशे रुपये भलते महत्त्वाचे. त्यातूनच त्याने क्रिकेटची बॅट आणि मी दोन अत्यंत निरुपयोगी पर्सेस घेतल्या. वॉशिंग मशीन आलं ते पुढच्या दिवाळीत, रोखीने.

मला कोणी विचारलं की नव्या जोडप्याने सगळ्यात आधी काय घ्यावं, तर मी फ्रीज म्हणत नाही, गादीही म्हणत नाही. तुम्ही दोघं घरी किती पाठवता, कोणाचं किती कर्ज आहे, कोणत्या बहिणीची फी बाकी आहे, हे पत्रिका छापायच्या आधी बोलून घ्या. आजकाल सगळं मोबाईलवर असतं, वहीऐवजी शीट करा. पण तांदळाचा डबा आता ‘सेपरेट अकाउंट’ नावाने चालू आहे, एवढाच फरक!

भाड्याच्या खोलीतला नवा संसार हा विषय आपल्याकडे जुनाच. १९७० च्या ‘मुंबईचा जावई’त चाळीतल्या भरल्या घरात नवरा-बायकोला दोन क्षण एकटं मिळत नाहीत. त्यावरूनच बासू चटर्जींनी १९७२ मध्ये ‘पिया का घर’ केला. १९७७ च्या ‘घरोंदा’त तर अमोल पालेकर आणि झरीना वहाब मुंबईत घरच शोधत फिरतात. त्या मानाने आम्ही सुखी. आमच्याकडे माणसं दोन आणि दार एक होतं.

थोडं व्यवहाराचंही बोलू या, कारण आम्ही इथे जाम फसलो. आमचं ॲग्रीमेंट शंभर रुपयांच्या स्टॅम्पपेपरवर, नोटरीचा शिक्का मारलेलं, अकरा महिन्यांचं. अकराच का, असं मी विचारलं तेव्हा एजंट म्हणाला, “असंच असतं मॅडम.” असंच का असतं ते ऐका. १९०८ च्या नोंदणी कायद्यानुसार एक वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ती कटकट नको म्हणून देशभर अकरा महिन्यांची पळवाट रुळली. पण महाराष्ट्रात ती पळवाट चालतच नाही! इथल्या १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. ती केली नाही तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि गंमत म्हणजे करार नोंदवलेला नसेल, तर अटींबाबत भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, मालकाने उलट सिद्ध करेपर्यंत. २००७ मध्ये हे मला माहीत असतं तर! पण ते पुढे येईलच.

आता हे काम सोपं झालंय. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन तुमच्या सोफ्यावर येऊन बसतो, आधार क्रमांकावर ऑनलाइन नोंदणी होते. मुद्रांक शुल्क किती? पूर्ण मुदतीचं भाडं, अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के दराने धरलेलं व्याज, या बेरजेच्या पाव टक्का. वीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट असेल तर अकरा महिन्यांचे दोन लाख वीस हजार अधिक साडेपाच हजार, त्याचा पाव टक्का म्हणजे साधारण पावणेसहाशे रुपये. त्यावर शहरी भागात एक हजार नोंदणी फी. एवढ्यात तुमचं डिपॉझिट सुरक्षित राहतं, आणि नव्या नवरीला गॅसपासून बँकेपर्यंत चालेल असा पत्त्याचा कागदही मिळतो. करारावर दोघांचीही नावं घाला. ‘एकाचं पुरे’ म्हणणाऱ्या एजंटचं ऐकू नका. घरभाडे भत्त्याची करसवलत मात्र जुन्या करपद्धतीतच आहे, नवीन पद्धत निवडली तर भाड्याच्या पावत्या जपून उपयोग नाही. आणि किल्ली घेताना नळ, नळाची गळती, भिंतीवरचे आधीचे खिळे, सगळ्याचे फोटो काढून मालकांना पाठवून ठेवा.

डिपॉझिट किती, याला मात्र आजही काही ताळतंत्र नाही. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घराला जास्तीत जास्त दोन महिन्यांचं भाडं एवढंच डिपॉझिट सांगितलंय. पण तो नमुना आहे, राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. माझ्या ऑफिसमधलं एक जोडपं सध्या बाणेर-वाकड भागात घर शोधतंय. त्यांना परवा एका मालकांनी विचारलं, “लग्नाचं सर्टिफिकेट आहे ना?” त्याआधीच्यांनी विचारलं, “नॉनव्हेज खाता का?” ती मुलगी मला म्हणाली, “मुलगा बघताना एवढे प्रश्न नव्हते!” आमच्या वेळीही हे होतंच. आम्हाला विचारलं होतं, “मूल कधी करणार?” पाणी जास्त लागतं म्हणे.

कर्वेनगरच्या घरात आम्ही अकरा अधिक अकरा, बावीस महिने राहिलो. दुसऱ्या कराराला भाडं पाच हजार झालं. ऑक्टोबर २००८ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, मालकांच्या भाच्याला खोली हवी झाली आणि आम्ही निघालो. सामान आलं होतं तीनचाकी टेम्पोत, गेलं चारचाकीत. डिनर सेटचं खोकं अजून न उघडलेलं. डिपॉझिटमधून मालकांनी तीन हजार कापले : रंगाचे आणि खिळ्यांच्या भोकांचे. भोकं एकूण चार होती आणि त्यातली दोन आमच्या आधीची. नवरा वाद घालायला उभा राहिला, पण मीच त्याला गप्प केलं. कागद नोंदवलेला नाही, आपली बाजू कशी मांडणार, असं मला वाटलं. नेमकं उलट होतं, ते वर वाचलंतच. वहीत ती नोंद नवऱ्याच्या अक्षरात आहे : ‘डिपॉझिट परत १७,०००. भोकं ३,०००.’

निघताना काकू खाली टेम्पोपर्यंत आल्या. माझ्या हातात डबा दिला, वाटेत खायला गुळपोळ्या. मी वर किचनमध्ये एकदा फिरून आले, काही राहिलं नाही ना म्हणून. तुळशीची कुंडी मी मांडीवर घेतली होती.

नव्या घरी खोकी उघडताना, कुकरच्या आत, काकूंची वाटी निघाली. पाळी आमची होती, आमच्याचकडून जायची राहिली होती. आठ दिवसांत देऊन येऊ म्हणालो. मग दिवाळी, मग मंदीत त्याच्या ऑफिसात सुरू झालेली कपात, मग माझं बाळंतपण. दोन वर्षांनी गेलो तेव्हा त्या दारावर दुसरी पाटी होती. काकू मुलाकडे गेल्या, एवढंच वॉचमन सांगू शकला.

ती वाटी आता तांदळाच्या डब्यात असते, मापाची म्हणून. दोन वाट्या घेतल्या की आमच्या चौघांचा भात होतो. परवा मुलीने विचारलं, यावर खाली कोणाचं नाव कोरलंय? नवऱ्याने सांगितलं. मग आमच्या दोघांचा जुनाच वाद पुन्हा सुरू झाला. काकू सापडल्याच कधी, तर त्यात काय घालून द्यायचं? तो म्हणतो, खिचडी. मी म्हणते, वीस वर्षांत दुसरं काहीतरी यायला लागलंय मला.